शतक आणि दहा बळी: पहिला मान बॉथमचा नव्हे

'एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी घेणारा पहिला खेळाडू इयान बॉथम', हे वाक्य प्रश्नमंजूषेत वर्षानुवर्षे फिरतं. त्यात 'पुरुष' हा शब्द गळलेला असतो. वानखेडेवर इंग्लंडच्या बॉथमने 114 धावा आणि 13 बळींची कामगिरी केली फेब्रुवारी 1980 मध्ये. ऑस्ट्रेलियाची ऑफस्पिनर बेटी विल्सन त्याच्या 22 वर्षं आधीच तिथे पोहोचली होती.

फेब्रुवारी 1958, मेलबर्नचं सेंट किल्डा मैदान, खेळपट्टी ओली. ऑस्ट्रेलिया 38 धावांत गारद. त्यांत विल्सनच्या 12. मग इंग्लंड 35! विल्सनने 7 धावांत 7 बळी घेतले. महिला कसोटीतली पहिली हॅटट्रिकही त्यातच. अशा खेळपट्टीवर चेंडू पकड घेतो, कधी थांबून येतो तर कधी अचानक उसळतो. बॅट आधीच पुढे गेलेली असते. दुसऱ्या डावात तिने 100 धावा केल्या आणि 9 धावांत 4 बळी घेतले. म्हणजे शतक आणि 11 बळी. सामना मात्र अनिर्णित.

काही जण ऑस्ट्रेलियाच्या अष्टपैलू अ‍ॅलन डेव्हिडसनचं नाव पुढे करतात. ब्रिस्बेन, डिसेंबर 1960: त्याच्या 44 आणि 80, मिळून 124 धावा, 11 बळी. पण शतक कुठे आहे?