मोटारीच्या रंगावरील सीलंट

मोटारीच्या रंगावर बाहेरून चढवला जाणारा कृत्रिम पॉलिमरचा अतिशय पातळ, पारदर्शक थर. ऊन, पाऊस, खारी हवा, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा यांचा मारा आधी या थराने सोसावा आणि खालचा रंग वाचावा, एवढाच त्याचा हेतू असतो. हा थर झिजतो आणि काही महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो.

मेण, सीलंट आणि सिरॅमिक या तिन्ही गोष्टी बाजारात ‘कोटिंग’ म्हणून विकल्या जातात, पण त्यांच्या जाती वेगळ्या आहेत. कार्नौबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांपासून मिळते. ते झळाळी छान देते, पण आपल्या हवेत महिना-दीड महिन्यात उतरते. सीलंटमध्ये बहुधा सिलिकोन गटातील पॉलिमर असतात. ते रंगाला अधिक घट्ट धरून राहतात आणि नीट लावले तर चार ते सहा महिने टिकतात. सिरॅमिकचा लेप सिलिकाप्रधान असून कडक होतो आणि वर्ष-दोन वर्षे राहतो, पण तो लावताना झालेली चूक पॉलिश मारल्याशिवाय निघत नाही. नव्या गाडीबरोबर शोरूममध्ये गळ्यात मारले जाणारे ‘टेफ्लॉन कोटिंग’ही बहुतेक वेळा साधे सीलंटच असते. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हा पदार्थ सुमारे 327 अंश सेल्सिअसला वितळतो. तव्यावर तो भट्टीत तापवून बसवतात. गाडीच्या पत्र्यावर तसे करता येत नाही, त्यामुळे त्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आधुनिक गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असे थर असतात. सगळे मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. सीलंटचा थर बहुधा एका मायक्रॉनइतकाही नसतो. त्यामुळे चावीचा ओरखडा किंवा स्टॅक पार्किंगमधला खरचटा तो अडवू शकत नाही. थापून लावल्यानेही काही साधत नाही, कारण रंगाला भिडलेला अंशच तिथे राहतो आणि उरलेला फडक्यात जातो. मध्यम आकाराच्या गाडीला 20-30 मिलिलिटर पुष्कळ होते.

काम बिघडते ते बहुतेक वेळा सीलंटची बाटली उघडण्याआधीच. सीलंट स्वच्छ रंगालाच धरते, आणि ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या रस्त्यावर धावणारी गाडी नुसत्या शांपूने तितकी स्वच्छ होत नाही. ब्रेकची लोखंडी भुकटी सगळीकडेच उडते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्याकडे कारखाने व फॅब्रिकेशनच्या शेडची धूळ तिच्यात मिसळते. हे कण रंगात रुतून गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसू लागतात. त्यांच्यासाठी लोह विरघळवणारा फवारा मिळतो. लोखंडाशी गाठ पडताच तो जांभळा होतो. फवारा वाळायच्या आत गाडी धुवावी लागते. उरलेली खरखर डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीच्या बारीक साफसफाईसाठी मिळणाऱ्या, खास चिकणमातीने, भरपूर ओलावा ठेवून, हलक्या हाताने काढतात. हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवर बोटे फिरवली की खरखर आहे की नाही ते लगेच कळते.

घोडबंदर रस्त्यावर इमारती आणि मेट्रोच्या कामांमुळे सिमेंटचे शिंतोडेही उडतात. ते नखाने किंवा चाकूने खरवडले तर क्लिअर कोट जातो. सिमेंट अल्कधर्मी असल्याने सौम्य आम्लाचा द्रव लावून ते आधी मऊ करतात. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याने धुतलेल्या गाडीवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे डाग वाळून बसतात. ते तसेच ठेवून वर सीलंट चढवले तर डागच जपले जातात. बारीक चरे असतील तर पॉलिशही आधीच उरकायचे. शेवटी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशचे तेल पुसून घ्यायचे. दुकानात नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि महिनाभरात ‘कोटिंग गेले’ अशी तक्रार येते.

प्रत्यक्ष लावणे त्या मानाने सोपे आहे. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. हाताची मागची बाजू टेकवल्यावर पत्रा कोमट लागला तरी थांबावे, कारण तापलेल्या पत्र्यावर सीलंट पसरण्याआधीच वाळते आणि पट्टे उमटतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप लावतात, नाहीतर पांढरट डाग राहतो. फोमच्या पॅडवर चार थेंब घेऊन एका वेळी एक पॅनेल, जेमतेम दिसेल इतक्या पातळ थरात उरकायचे. हात गोल फिरवला की सरळ, याने फरक पडत नाही. मग वाट पाहायची. बाटलीवर 20-30 मिनिटे लिहिलेली असतात, पण ती कोरड्या हवेसाठी असतात. मे महिन्यात खाडीवरून दमट वारा येत असताना तासभरही लागतो. बोटाने एक रेघ ओढून पाहावी. बोटाखालचा रंग लख्ख दिसला तर पुसायला हरकत नाही. रेघ फराटली तर अजून थांबायचे. पुसण्यासाठी दोन मायक्रोफायबर घ्यावेत, पहिला थर उचलायला आणि दुसरा झळाळीसाठी. हे कपडे धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातला तर त्यांची शोषण्याची ताकद जाते.

दुसरा हात 12 ते 24 तासांनी दिला जातो, तो सुटलेल्या जागा भरण्यासाठी. त्याने जाडी वाढत नाही. निदान पहिले 12 तास पाणी लागू द्यायचे नाही. उघड्यावर गाडी लावणाऱ्यांची अडचण इथेच होते आणि इमारतीखालच्या, छताच्या स्टिल्ट किंवा पोडियम पार्किंगवाल्यांचे फावते.

ठाण्यात वर्षाला 2500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एक लेप मेअखेरीस आणि दुसरा पाऊस पुरता सरल्यावर, नोव्हेंबरात, हे गणित इथे बसते. दसऱ्याला गाडी चमकवण्याची घाई समजण्याजोगी आहे, पण त्या सुमारास परतीचा पाऊस गाठू शकतो.

सीलंट लवकर उतरण्याचे दोष पावसावर जातात, पण मोठे कारण रोज सकाळचे पुसणे हे आहे. सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एकाच बादलीत फडके बुडवत ओळीने गाड्या उरकत जातो. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर घासली जाते, थर झिजतो आणि उन्हात दिसणारे गोलाकार बारीक चरे पडतात. त्याला मिळणाऱ्या महिन्याच्या पैशांत याहून वेगळे होणार तरी कसे? रोजचे पुसणे थांबवून आठवड्यातून एकदा व्यवस्थित धुतलेली गाडी जास्त टिकते. वरची धूळ आधी पाण्याने उतरवायची आणि शांपूची व हातमोजा खळबळण्याची बादली वेगळी ठेवायची.

कबुतरांची आणि कावळ्यांची विष्ठा मात्र आठवडाभर ठेवू नये. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो, विष्ठा त्यावर वाळते आणि गार होताना आकसणाऱ्या रंगावर तिचा ठसा राहतो. सीलंटमुळे काही तासांची सवड मिळते, इतकेच. डाग ओल्या कपड्याने भिजवून उचलावा, घासू नये.

पाण्याचे टपोरे थेंब दिसणे हीच सीलंट शाबूत असल्याची खूण मानतात, पण धुळीचा थर बसला तरी थेंब पसरतात. आधी गाडी धुऊन मग पाहावे. तरीही पाणी सपाट चादरीसारखे साचत असेल तर नवा हात द्यायची वेळ झाली. अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनेलला मात्र लगेच सीलंट लावत नाहीत. कारखान्यात रंग 140 अंशांच्या आसपास भाजला जातो, गॅरेजच्या बूथमध्ये साधारण 60 अंशांवर, आणि त्यातले द्रावक पूर्ण उडायला महिनाभर लागतो. तोवर ते पॅनेल उघडेच ठेवतात.