मूत्रपिंडविकार आणि हृदयातील स्टेंट : अपुऱ्या पुराव्याची पार्श्वभूमी

दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या रक्तवाहिन्या झपाट्याने कठीण आणि अरुंद होतात, हे निरीक्षण १९७४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिला स्टेंट, म्हणजे अरुंद वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसला तो १९८६ मध्ये, आणि १९९४ च्या दोन चाचण्यांनी नुसत्या फुग्याने वाहिनी रुंद करण्यापेक्षा, म्हणजे अँजिओप्लास्टीपेक्षा, स्टेंट सरस ठरवला. मात्र मूत्रपिंड गंभीररीत्या निकामी झालेल्यांना त्याचा लाभ किती, याचे उत्तर शोधणारी मोठी यादृच्छिक चाचणी (रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत वाटून केलेली तुलना) प्रसिद्ध व्हायला २०२० उजाडले.

या विलंबाचे मूळ रुग्णनिवडीच्या एका अटीत आहे. २००६ मधील एका आढाव्यात असे दिसले की, हृदयरोगाच्या निम्म्याहून अधिक चाचण्यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांना वगळले होते. औषधे शरीरात साठतील, अँजिओग्राफीचे (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणाने केलेल्या तपासणीचे) रंगद्रव्य मूत्रपिंडाला इजा करील, रक्तस्राव वाढेल आणि इतर कारणांनी होणाऱ्या मृत्यूंमुळे निष्कर्ष धूसर होईल, अशी त्यामागची कारणे होती. त्यांतले एकेक कारण समजण्यासारखे असले, तरी ज्यांना हृदयविकाराचा धोका सर्वाधिक तेच पुराव्याबाहेर राहिले, हा परिणाम अन्यायकारकच म्हणावा लागेल.

शिवाय वगळण्याची सीमा बहुधा रक्तातील क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायच्या एका टाकाऊ द्रव्यावर, ठरत असे, आणि ते स्नायूंच्या वस्तुमानानुसार बदलते. क्रिएटिनिन १.४ मिग्रॅ प्रति डेसिलिटर असलेल्या ७५ वर्षांच्या स्त्रीची अंदाजित गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, ४० च्या आसपास येते, तर तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या तिशीतील पुरुषाची ७० च्या जवळ. २००२ मध्ये गाळणक्षमतेवर आधारलेले पाच टप्प्यांचे वर्गीकरण आले, जुन्या चाचण्यांची आकडेवारी त्यानुसार पुन्हा तपासली गेली आणि मध्यम विकाराचे बरेच रुग्ण त्यांत नकळत समाविष्ट झाले होते हे उघड झाले. त्यामुळे स्टेंटच्या चाचण्यांतील ‘मूत्रपिंडविकार’ हा बहुतेकदा मध्यम विकार असतो. त्यावरून डायलिसिसच्या रुग्णाबद्दल अनुमान काढणे धोक्याचे आहे.

गंभीर रुग्णांबाबत उरल्या त्या निरीक्षणात्मक नोंदी. त्यांत स्टेंट बसवलेले रुग्ण अनेकदा अधिक काळ जगलेले दिसतात, परंतु अँजिओग्राफीसाठी निवडला जाणारा रुग्ण मुळातच तुलनेने सुदृढ असतो, त्यामुळे अशा आकड्यांवर नको इतका विश्वास टाकला गेला, असे माझे मत आहे. २००२-०३ पासून वापरात आलेल्या औषधलेपित स्टेंटमुळे रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण घटले, तरी मूत्रपिंडाचे रुग्ण आणि इतर यांच्या मृत्युदरातील दरी कायम राहिली. या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचल्याने स्टेंट पुरेसा उघडत नाही, गुठळी रोखणाऱ्या दुहेरी औषधांनी रक्तस्राव वाढतो, आणि डायलिसिसवरील बरेच मृत्यू हृदयाची लय अचानक बिघडल्याने होतात, ज्यावर एका ठिकाणचा अडथळा दूर करणे हा इलाज नव्हे.

२०२० च्या चाचणीत ७७७ रुग्ण होते. सर्वांचा ईजीएफआर ३० पेक्षा कमी, म्हणजे गंभीर विकाराच्या पातळीत, होता किंवा ते डायलिसिसवर होते, आणि तपासणीत हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे दिसले होते. तीन वर्षांअखेर मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे अंदाजित एकत्रित प्रमाण अँजिओग्राफीच्या मार्गाने गेलेल्यांत ३६.४ टक्के, तर प्रथम केवळ औषधे घेतलेल्यांत ३६.७ टक्के निघाले. पहिल्या गटात पक्षाघात अधिक झाले. टीकाकारांचे म्हणणे असे की, त्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांवरच प्रत्यक्षात स्टेंट किंवा बायपास झाला, त्यामुळे हा निकाल स्टेंटच्या विरोधात वाचता येत नाही. आक्षेप रास्त आहे. मात्र अँजिओग्राफीनंतर इतक्या जणांवर पुढचा उपचार झाला नाही, ही बाबही त्या मार्गाच्या मर्यादा दाखवते.

नुकताच झटका आलेले आणि औषधांना न जुमानणाऱ्या छातीदुखीचे रुग्ण या चाचणीत घेतलेले नव्हते. तातडीच्या प्रसंगी मूत्रपिंडाच्या भीतीने अँजिओग्राफी नाकारण्यासाठी या निकालाचा आधार घेणे म्हणूनच गैर ठरते.