‘लिटरली’चा अर्थ उलटा झालेला नाही

फर्ग्युसन रस्त्यावरच्या कुठल्याही कॅफेत ‘मी लिटरली मेले!’ ऐकू येतंच. त्यावर ‘मेलीस तर बोलतेस कशी?’ हा मोठ्यांचा सवालही ठरलेला. २०१३ साली ऑक्सफर्डच्या कोशाने हा वापर नोंदवल्याची बातमी गाजली आणि ‘शब्दशः, खरोखर’ असं सांगणाऱ्या या शब्दाचा अर्थच उलटा झाला, असा समज पसरला. हा समज चुकीचा आहे.

‘मी लिटरली मेले’मधून ‘लिटरली’ काढून बघा. उरलेलं ‘मी मेले’ तितकंच आलंकारिक आहे. अलंकार ‘मेले’मध्ये होता, ‘लिटरली’ने फक्त जोर दिला.

लॅटिन ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून ‘अक्षराला धरून’ हा मूळ अर्थ. अतिशयोक्तीसाठीचा वापर मात्र मोबाइलवाल्या पिढीचा मुळीच नव्हे. ऑक्सफर्डच्या कोशात त्याचा दाखला १७६९ च्या, फ्रान्सिस ब्रुक यांच्या कादंबरीतला आहे. मार्क ट्वेनच्या कादंबरीतला टॉम सॉयरही १८७६ मध्ये ‘लिटरली’ संपत्तीत लोळतो. संपत्ती कसली, तर गोट्या, खडूचा तुकडा, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू!

हे घडतं कसं? तुळशीबागेत विक्रेता भाव चढवून सांगतो, कारण गिऱ्हाईक तो पाडून मागणार हे त्याला ठाऊक असतं. बोलण्यातही ऐकणारा मनातल्या मनात काटछाट करतो. म्हणून बोलणारा ग्वाही देतो: खरंच सांगतो, शब्दशः घे. पण ग्वाही सगळेच देऊ लागले की तिचीही काटछाट सुरू होते. पुढच्या पिढीतल्या मुलांच्या कानावर शब्द पडतो तोच काटछाट झालेल्या किमतीला, आणि त्यांच्यासाठी तीच मूळ किंमत ठरते. मग जोर द्यायला नवा शब्द लागतो. ‘व्हेरी’चं मूळ लॅटिन ‘वेरुस’, म्हणजे खरा. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याचा ‘व्हेरी’ सरदार म्हणजे खराखुरा सरदार; आज उरलंय नुसतं ‘फार’. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या बोलीचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तिथल्या वयस्कर मंडळींच्या तोंडी ‘व्हेरी’ जास्त, तर तरुणांच्या तोंडी ‘रिअली’. म्हणजे पुन्हा खरेपणाचाच शब्द झिजायला निघालेला.

शब्दाच्या ध्वनीतच त्याच्या अर्थाचं स्पंदन कायमचं वसतं, असे फॉरवर्ड हल्ली फिरतात. त्यांना कसलाही आधार नाही. तसं असतं तर ‘व्हेरी’ आजही ‘खरा’ एवढंच सांगत राहिला असता.

आणि आपलं ‘अक्षरशः’? ‘क्रमशः’, ‘शब्दशः’सारखाच ‘शः’ लागून झालेला हा शब्द. ‘चांदणी चौकात अक्षरशः जीव गेला’ असं लिटरलीवर चिडणारे काकाही म्हणतात, आणि त्यांना कुणी हटकत नाही. माझ्या मते दोन्ही वापर सारखेच रास्त आहेत.

जपायचं ते दोन्ही अर्थ शक्य असतील तिथे. मुठेला पूर आल्यावर ‘नदीपात्रातल्या गाड्या लिटरली वाहून गेल्या’ असं बातमीत छापलं, तर गाड्या खरोखर गेल्या की नुसत्या पाण्यात बुडाल्या, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे किती गाड्या वाहून गेल्या, तो आकडा द्यावा.