दौरा आणि तैनाती: राजपुत्र रणभूमीवर गेला म्हणजे नेमकं काय?

६ मे २०२३. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक चालू होता. धाकटा मुलगा हॅरी तिसऱ्या रांगेत बसला होता. अंगात साधा काळा मॉर्निंग कोट आणि छातीवर पदकांची ओळ. त्याच्या पुढच्या रांगेत आत्या अ‍ॅन होत्या, ब्लूज अँड रॉयल्स रेजिमेंटच्या पूर्ण लष्करी गणवेशात. त्यांच्या टोपीवरच्या लाल तुऱ्याआड हॅरीचा चेहरा झाकला जात होता. थोरला भाऊ विल्यम वेल्श गार्ड्सच्या गणवेशात होता. हे दृश्य कुणा नवख्याला दाखवलं आणि यांच्यातला युद्धावर कोण जाऊन आलाय असं विचारलं, तर तो बहुधा गणवेशवाल्यांकडे बोट दाखवील. प्रत्यक्षात अफगाणिस्तानात महिनोन्‌महिने लढाईच्या कामावर होता तो साध्या कोटातला.

गोंधळ इथूनच सुरू होतो, आणि मराठीत त्याला एका शब्दाची भर पडते. ब्रिटिश सैनिक ‘माझ्या दोन टूर झाल्या’ म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की लढाईच्या मुलखात चार-सहा महिन्यांची नेमणूक त्याने दोनदा पुरी केली. आपल्याकडच्या बातमीत त्याचा ‘दौरा’ होतो. दौरा म्हटलं की डोळ्यांपुढे मंत्री येतात: विमान उतरलं, पाहणी झाली, हस्तांदोलनं झाली, फोटो निघाले, संध्याकाळी परत. त्यामुळे ‘राजपुत्राचा अफगाणिस्तान दौरा’ या एकाच मथळ्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपून जातात. म्हणून इथे मी नेमणुकीला तैनाती म्हणतो आणि दौरा हा शब्द भेटीपुरताच ठेवतो.

आधी दौरा, कारण तो समजायला सोपा आहे. एप्रिल २००८ मध्ये विल्यम हवाई दलाच्या सी-१७ विमानाने कंदाहारला गेला, काही तास थांबला आणि एका शहीद सैनिकाचं पार्थिव घेऊन येणाऱ्या त्याच विमानाने परतला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो हेल्मंद प्रांतातल्या कॅम्प बॅस्टियन या ब्रिटिश तळावर गेला, तो स्मृतिदिनाला पुष्पचक्र वाहायला. त्याच वर्षी मार्चमध्ये चार्ल्सही हेल्मंदला जाऊन आले होते. या भेटींना मी मुळीच कमी लेखत नाही. घरापासून हजारो मैलांवर, धुळीत आणि धोक्यात असलेल्या माणसाला आपली कुणाला तरी आठवण आहे हे कळणं फार मोलाचं असतं. शिवाय तिथल्या विमानतळावर उतरण्यातही जीवाला धोका असतोच. पण भेटीची सगळी व्यवस्था पाहुण्याभोवती फिरते. त्याची वेळ, त्याची वाट, त्याचं संरक्षण यांसाठी इतर माणसं खपतात आणि तो निघून गेला की छावणीचं एकही काम अडत नाही.

तैनातीत हे बरोबर उलटं असतं. डिसेंबर २००७ मध्ये हॅरी हेल्मंदच्या दक्षिणेला गरमसीर भागातल्या एका पुढच्या तळावर पोहोचला. त्या तळाचं नाव होतं दिल्ली. जवळ गुरखा सैनिकांची तुकडी होती. त्याचं काम फॉरवर्ड एअर कंट्रोलरचं, म्हणजे जमिनीवर बसून वर घिरट्या घालणाऱ्या विमानांशी बोलण्याचं. समोरच्या पडद्यावर विमानातून टिपलेलं चित्र येतं. हालचाल दिसली की ती कुणाची हे ठरवायचं, आपली माणसं कुठे आहेत ते तपासायचं, आपल्याच तोफांच्या गोळ्यांच्या वाटेत विमान येणार नाही हे पाहायचं, आणि मग वैमानिकाला जागा सांगायची. एक आकडा चुकला तर बॉम्ब आपल्याच सैनिकांवर पडतो. रेडिओवर त्याची खूण होती ‘विडो सिक्स सेव्हन’. वैमानिकांना तेवढीच माहीत. पलीकडचा आवाज राणीच्या नातवाचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कामासाठी ठाऊक असण्याची गरजही नव्हती. हॅरी त्या जागेवर नसता तर तिथे दुसरा अधिकारी बसवावाच लागला असता. मला विचाराल तर दौरा की तैनाती हे ओळखण्याची खरी कसोटी हीच: माणूस उठून गेल्यावर जागा रिकामी पडते का?

दोन्हींतला दुसरा मोठा फरक गुप्ततेचा आहे. दौरा जगाला दिसावा म्हणूनच केला जातो. पाहुणा परतेपर्यंत बातमी दाबून ठेवतात, पण नंतर फोटो छापून यावेत हाच तर हेतू असतो. तैनात राजपुत्राचं मात्र गाजावाजा झाला की कामच संपतं. २००७ मध्ये हॅरी इराकला जायचा होता. मे महिन्यात लष्करप्रमुख जनरल रिचर्ड डॅनट यांनी ते रद्द केलं. हॅरीवर नेम धरून हल्ले करण्याच्या धमक्या आल्या होत्या आणि ते हल्ले त्याच्या आसपासच्या सैनिकांनाही भोवले असते. म्हणून अफगाणिस्तानच्या वेळी संरक्षण मंत्रालयाने ब्रिटिश माध्यमांशी करार केला: तो परत येईपर्यंत अवाक्षर छापायचं नाही, त्या बदल्यात नंतर मुलाखती आणि चित्रीकरण मिळेल. जानेवारी २००८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन मासिकाने बातमी दिली, तेव्हा ती फारशी कुणी उचलली नाही. २८ फेब्रुवारीला एका अमेरिकन संकेतस्थळाने ती जगभर नेली आणि हॅरीला तडकाफडकी मायदेशी आणण्यात आलं. जेमतेम दहा आठवडे झाले होते. तो कुठे आहे हे शत्रूला कळलं त्या क्षणी तो इतर अधिकाऱ्यांसारखा राहिला नाही. त्याला तिथे ठेवायचं तर सगळी तुकडी त्याच्याभोवती फिरवावी लागली असती, म्हणजे तैनातीचा दौराच झाला असता.

मग २०१२ मध्ये त्याच हॅरीला उघडपणे, जाहीर करून कसं पाठवलं? कारण काम बदललं होतं. आता तो अपाची हेलिकॉप्टरचा सहवैमानिक आणि तोफचालक होता. मुक्काम कॅम्प बॅस्टियनसारख्या अवाढव्य तळावर, आणि आकाशातल्या कुठल्या हेलिकॉप्टरमध्ये तो आहे हे खालून ओळखणं अशक्य. तरीही धोका टळला नव्हताच. तो पोहोचल्यावर आठवड्याभरातच, १४ सप्टेंबरच्या रात्री, त्याच तळावर तालिबानचा हल्ला झाला. दोन अमेरिकन मरीन मारले गेले, सहा हॅरियर विमानं जळाली. हॅरी जानेवारी २०१३ पर्यंत तिथेच कामावर राहिला.

त्याच्या छातीवरच्या पदकांत अफगाणिस्तानचं ऑपरेशनल सर्व्हिस मेडल आहे, आणि त्याची साधारण अट सलग तीस दिवस सेवेची. विल्यमकडे ते नाही. काही तासांच्या भेटीवर ते मिळतच नाही, मग भेट देणारा कितीही मोठा असो. १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या (ब्रिटन विरुद्ध अर्जेंटिना) पदकाच्या फितीवर तर काहींना एक छोटंसं गुलाबफूल मिळालं. ते फक्त प्रत्यक्ष लढाईच्या पट्ट्यात, म्हणजे दक्षिणेकडे ३५ ते ६० अंश अक्षांशांदरम्यान, गेलेल्यांसाठी होतं. फोटो नीट न्याहाळला तर पुष्कळ वेळा उत्तर त्या कापडाच्या बोटभर तुकड्यावरच मिळतं.

ते गुलाबफूल मिळालेल्यांत चार्ल्स यांचा धाकटा भाऊ अँड्र्यूही होता. तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि गादीच्या वारसांत दुसरा. ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू नौकेवर तो सी किंग हेलिकॉप्टर चालवत असे. युद्ध पेटल्यावर त्याला कचेरीतलं काम द्यावं असं सरकारात काहींना वाटत होतं. राणी एलिझाबेथ यांनी ते मानलं नाही. तो नौदलाचा अधिकारी आहे, नौका जाईल तिथे जाईल, असं त्यांचं म्हणणं. एक्झोसेट क्षेपणास्त्र आलं तर ते नौकेऐवजी हेलिकॉप्टरकडे वळावं म्हणून आमिष बनून उडणं, हा त्याच्या कामाचा भाग होता. पुढे त्याचं नाव कशाकशात आलं ते सर्वांना माहीत आहे आणि त्याची भलामण मला करायची नाही. पण इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्याची मानद लष्करी पदं राणीने परत घेतली. १९८२ ची सेवा मात्र परत घेता येण्यासारखी नव्हती, कारण ती मुळात राजवाड्याने दिलेलीच नव्हती.

मानद हुद्द्यामुळेही असाच घोळ होतो. अ‍ॅन ब्लूज अँड रॉयल्सच्या कर्नल आहेत, म्हणजे ज्या रेजिमेंटमध्ये हॅरीने सुरुवात केली तिच्याच. हे नातं त्या दशकानुदशकं मनापासून निभावत आल्या आहेत, पण ते नेतृत्व लढाईतलं नव्हे. दोन्ही प्रकारचे हुद्दे एकाच माणसाच्या खांद्यावर पाहायचे असतील तर जयपूरचे सवाई भवानी सिंह आठवतात. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल भवानी सिंहांनी १० पॅरा कमांडोंना घेऊन सिंधमधल्या छाछरोवर छापा घातला आणि महावीर चक्र मिळवलं. त्याच महिन्यात घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले. पुढे श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा, निवृत्तीनंतर, आपल्या जुन्या पलटणीला धीर द्यायला ते तिथे गेले आणि त्यांना मानद ब्रिगेडियर करण्यात आलं. छाछरोची तैनाती होती. श्रीलंकेची भेट, पण जो त्या पलटणीबरोबर लढला होता त्याची. अशी भेट वेगळीच उतरते.

मधल्या जागेवर अडकलेलेही काही असतात, आणि मला सर्वांत जास्त वाईट त्यांचं वाटतं. पहिल्या महायुद्धात युवराज एडवर्डला ग्रेनेडियर गार्ड्समध्ये कमिशन मिळालं, पण युद्धमंत्री किचनर यांनी त्याला आघाडीवर जाऊ दिलं नाही. आपल्याला चार भाऊ आहेत, आपण मेलो तर काय बिघडलं, असा एडवर्डचा युक्तिवाद होता. किचनरना चिंता त्याच्या मरणाची नव्हतीच. तो जिवंत शत्रूच्या हाती लागला तर काय, ही होती. शेवटी तो फ्रान्समध्ये मुख्यालयात राहिला, संधी मिळेल तेव्हा खंदकांपर्यंत जात राहिला. १९१५ मध्ये अशाच एका फेरीत तो गाडीतून उतरून पुढे गेला असताना तोफगोळ्याने त्याचा चालक ठार झाला. दुसऱ्या वर्षी मिळालेला मिलिटरी क्रॉस हा शौर्यसन्मान त्याला आपला वाटला नाही. त्याचा धाकटा भाऊ अल्बर्ट, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत ‘कॉलिंगवुड’ नौकेच्या तोफेच्या बुरुजात होता. त्या दिवशी तो आजारी म्हणून झोपून होता, लढाईचा इशारा झाल्यावर उठून आपल्या जागेवर गेला. नौकेवर त्याला ‘जॉन्सन’ म्हणत, जसं पुढे सैन्यात हॅरीला ‘कॅप्टन वेल्स’ म्हणत.

आणि ज्याला कुणीच अडवलं नाही, तो मॉरिस. बॅटनबर्गचा प्रिन्स मॉरिस, व्हिक्टोरिया राणीच्या धाकट्या मुलीचा मुलगा, किंग्ज रॉयल रायफल कोअरमध्ये लेफ्टनंट. २७ ऑक्टोबर १९१४ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत तो आपल्या माणसांना घेऊन पुढे जात असताना मारला गेला. वय २३. त्याचा देह इंग्लंडला आणण्याची तयारी किचनर यांनी दाखवली होती. आई बिअ‍ॅट्रिस नको म्हणाली. बाकीच्या आयांची मुलं तिथेच राहणार होती, तिचाही तिथेच राहिला.