पॅनिंग आणि स्थिर कॅमेरा: सायकलस्वाराच्या छायाचित्रात नेमके काय पुसट होते?

सोलापूरच्या नवी पेठेतून आडव्या जाणाऱ्या सायकलस्वाराचे छायाचित्र १/३० सेकंद शटरस्पीडने (म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे ठेवून) दोन प्रकारे घेता येते, आणि दोन्हींत काहीतरी पुसट झालेले असल्यामुळे दोन्हींना सरसकट ‘पॅनिंग’ म्हटले जाते. ते बरोबर नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असेल, तर दुकानांच्या पाट्या स्वच्छ वाचता येतात आणि स्वार मात्र पसरतो. पॅनिंगमध्ये शटर उघडण्यापूर्वीपासून ते मिटल्यानंतरही, कमरेतून वळत, स्वाराच्या गतीशी मेळ राखून कॅमेरा फिरवत राहावे लागते. तेव्हा स्वार रेखीव उतरतो आणि पाट्यांच्या आडव्या रेघा होतात.

ताशी १८ किलोमीटर वेगाची सायकल १/३० सेकंदात सुमारे १७ सेंटिमीटर पुढे जाते. हे सरकणे पहिल्या छायाचित्रात स्वाराच्या अंगावर उमटते, दुसऱ्यात त्याच्या मागच्या दृश्यावर.

छायाचित्र कोणत्या प्रकारचे आहे, हे मला चाकावरून सर्वांत खात्रीने ओळखता येते. धावत्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर असतो, तर सर्वांत वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्यामुळे स्थिर कॅमेऱ्याने, विशेषतः १/१२५ सेकंदाच्या आसपास, घेतलेल्या छायाचित्रात खालचे स्पोक मोजता येतात आणि वरचे विरून जातात. पॅनिंगमध्ये कॅमेरा सायकलबरोबरच चालत असल्याने चाक वरखाली सारखेच पुसट होते. पायडल मारणारे गुडघेही त्यात पुसट येतात, पण चेहरा आणि सायकलची फ्रेम रेखीव असेल, तर तेवढ्यासाठी छायाचित्र मुळीच टाकून देऊ नये. पाट्या आणि स्वार दोन्ही पुसट असतील, तर बहुधा हात हलला आहे किंवा फिरवण्याची गती चुकली आहे.

सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हात आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १०० आणि भिंगाचे छिद्र एफ/१६ ठेवले (आकडा मोठा तितके छिद्र लहान), तरी शटरस्पीड साधारण १/१०० सेकंद लागतो, म्हणून १/३० वर छायाचित्र पांढरे पडते. प्रकाश एक अष्टमांश करणारा एनडी ८ फिल्टर लावल्यास एफ/११ वर १/२५ सेकंद मिळतो. सिद्धेश्वर तलावाकाठी सूर्योदयाच्या सुमारास ही अडचण येत नाही.

पार्श्वभूमीची निवड मात्र पॅनिंगमध्ये फार महत्त्वाची ठरते, कारण मागे कोरी भिंत असेल, तर रेघा उमटायला काहीच नसते आणि स्वार उभा असल्यासारखा दिसतो. भुईकोट किल्ल्याच्या तटाचे दगडी सांधे किंवा झाडांतून झिरपणारे ऊन मागे असले, की तोच स्वार धावू लागतो.