जपानी आर्केड कॅबिनेट बसवण्यापूर्वी

मशीन (नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायची पेटी, म्हणजेच कॅबिनेट) टेम्पोतून उतरण्याआधी हे पत्रक वाचा. सगळं नाही जमलं तरी विजेचा भाग नक्की वाचा, कारण आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनचं पहिलं दुखणं तिथूनच सुरू होतं.

सेगाचं अ‍ॅस्ट्रो सिटी (१९९३) आणि ब्लास्ट सिटी (१९९६), टाइटोचं एग्रेट टू (१९९६) ही कॅबिनेटं कुठल्याही एका गेमसाठी बनलेली नाहीत. जपानमधला गेम सेंटरवाला आतला बोर्ड (ज्यात गेम असतो तो सर्किट बोर्ड) आणि गेमच्या नावाची वरची पट्टी बदलायचा, की त्याच पेटीत नवा गेम सुरू. म्हणून बाहेर चित्रं नाहीत, नुसतं पांढरं प्लास्टिक आणि पत्रा. खेळणारा स्टुलावर बसतो, त्यामुळे बटणांचं पॅनल खाली आणि २९ इंची पडदा मागे कललेला. १९९१ साली स्ट्रीट फायटर टू हा मारामारीचा गेम आला आणि दोन कॅबिनेटं पाठीला पाठ लावून एकाच बोर्डावर जोडायची पद्धत रुळली. प्रतिस्पर्ध्याचे हात दिसत नाहीत, कोपराला कोपर लागत नाही. जागा असेल तर ही मांडणी जरूर करा. दोन भिडू एकाच पॅनलवर दाटीने बसण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

वीज

जपानची वीज १०० व्होल्टची. मशीन थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलं, तर नशीब असेल तर फक्त फ्यूज जातो, नाहीतर पॉवर सप्लाय आणि मॉनिटरचा चॅसिस (पडदा चालवणारा सर्किट बोर्ड) दोन्ही जातात. ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा (तारांच्या गुंडाळ्यांचा) स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्ट कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर घ्या. मशीन एरवी याच्या निम्म्याहून कमी वीज खातं, पण चालू होताना पिक्चर ट्यूबचं डिगॉसिंग (ट्यूबमधलं नको ते चुंबकत्व घालवणं) मोठा झटका घेतं. बाजारात तयार मिळणारे बहुतेक ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचे असतात. आपल्याकडे लाइन २४५ वर गेली की ते ११७ व्होल्ट सोडतात. १०० व्होल्टचा मुद्दाम बनवून घेतलात तर त्याच वेळी साधारण १०६ येतात, आणि तेवढं मशीन सोसतं. आपल्या ५० हर्ट्झने गेम संथ होईल ही भीती मात्र अनाठायी आहे. टोकियोत ५० आणि ओसाकात ६० हर्ट्झ आहेत, मशीन दोन्हीकडे चालतं.

जपानी प्लग दोन पिनांचा असतो आणि अर्थिंगची वायर सुटी लोंबत असते. ती कापू नका. वायरमनकडून तीन पिनांच्या प्लगच्या अर्थला जोडून घ्या. पॅनलवर स्क्रूचा धातू उघडा असतो, हात लागला की मुंग्या येतात त्या याच चुकीमुळे.

बोर्ड

जुने बोर्ड जॅमा जोडणीचे असतात, म्हणजे ५६ पट्ट्यांची एक कड, दोन्ही बाजूंना २८-२८. कनेक्टरमध्ये सातव्या जागी खाच-पट्टी असते. ती तुटली असेल तर बोर्ड उलटा बसू शकतो, मग व्होल्ट भलत्याच पट्ट्यांवर जातात आणि चिप जळते. बसवण्याआधी मशीन बंद, बसवल्यावर पुन्हा एकदा नजर.

मग मल्टिमीटर लावा. ५ व्होल्ट पॉवर सप्लायवर मोजू नका, बोर्डाच्या कडेवर मोजा, कारण वायरिंगमध्ये थोडा दाब गळतो. ४.९५ ते ५.०५ च्या दरम्यान हवेत. कमी पडले तर गेम मधेच रीसेट होतो किंवा पडद्यावर कचरा दिसतो. पॉवर सप्लायवरचा छोटा नॉब हलक्या हाताने फिरवून नीट करा, पण ५.२५ च्या वर कधीही नाही. काही जुन्या बोर्डांना आवाजासाठी उणे ५ व्होल्टही लागतात. गेम चालतो पण आवाज गायब, तर आधी ते तपासा.

मारामारीच्या गेममध्ये मुक्क्यांची बटणं चालतात, लाथांची चालत नाहीत, अशी तक्रार नेहमी येते. त्यात बिघाड काहीच नसतो. जॅमामध्ये प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं, बाकीच्या तीन बटणांना वेगळी वायर लागते. कॅपकॉमच्या सीपीएस-१ आणि सीपीएस-२ बोर्डांच्या या वायरी एकमेकींना बसत नाहीत. मागवताना बोर्ड कुठला ते सांगा.

जॅमानंतर आलेल्या जेव्हीएस जोडणीचे बोर्ड ३१ किलोहर्ट्झचं चित्र देतात. अ‍ॅस्ट्रो सिटीचा मॉनिटर १५ आणि २४ वर चालतो. त्यावर ते चित्र लोळतं आणि ट्यूब शिट्टी मारते. तसं झालं तर लगेच बंद करा. जेव्हीएसचं सॉकेट दिसायला यूएसबीसारखं असलं तरी सिग्नल वेगळे असतात, त्यात पेन ड्राइव्ह किंवा चार्जर खुपसू नका.

मॉनिटर

या मशीनमधली सर्वांत मौल्यवान वस्तू हीच. ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीसेक हजार व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही काही काळ टिकतात, म्हणून मागचं झाकण उघडून स्वतः हात घालू नका. पडद्यावर फक्त एक आडवी चकचकीत रेघ दिसली तर मशीन तत्काळ बंद करा. तसंच चालू ठेवलं तर ती रेघ फॉस्फरमध्ये (पडद्याच्या आतल्या चमकणाऱ्या थरात) कायमची जळते. कडा थरथरणं, चित्र आखूड होणं ही बहुधा वाळलेल्या कपॅसिटरची लक्षणं, संच बदलला की निभतं. एवढ्यासाठी ट्यूब काढून एलसीडी बसवू नका.

विमानं पाडण्याचे गेम बहुतेक उभ्या पडद्याचे. एग्रेट टूमध्ये ट्यूब जागेवरच फिरते. अ‍ॅस्ट्रो सिटीत ती बाहेर काढून फिरवावी लागते आणि त्याला दोन माणसं हवीतच. ट्यूबची मान कशावरही आपटू देऊ नका.

नाणी आणि पावसाळा

नाण्याची यंत्रणा १०० येनच्या नाण्यासाठी आहे: २२.६ मिमी, ४.८ ग्रॅम. आपलं पाच रुपयांचं नाणं याहून मोठं, ते अडकतं. बोर्डावर फ्री प्ले (नाण्याशिवाय खेळायची सोय) असेल तर तो लावा, नसेल तर नाण्याच्या स्विचला एक छोटं बटण जोडून देऊ.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बोर्डाच्या कडेवर हिरवट गंज धरतो. दर चार महिन्यांनी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅन्डपेपर नको, सोनेरी मुलामा निघतो. खिडकीच्या उन्हात मशीन ठेवलं तर पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

दुरुस्तीसाठी फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: कॅबिनेटचं नाव, मॉनिटर चॅसिसवरचा क्रमांक (उदा. एमएस८-२९) आणि बोर्डाच्या कडेवर मोजलेले व्होल्ट.