बिघडूनही सावरणारी गाडी

लिफ्टमध्ये बिघाड झाला, की ती जागच्या जागी थांबते आणि आतले लोक खोळंबले तरी सुरक्षित राहतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला ही सोय नाही. ती दर सेकंदाला जवळपास २८ मीटर अंतर कापते आणि मधल्या मार्गिकेत अचानक थांबली, तर मागून येणाऱ्यांसाठी तीच धोका ठरते. त्यामुळे स्वयंचलित गाडीचा आराखडा करताना बिघाड टाळण्याइतकेच महत्त्व बिघाडानंतरच्या काही सेकंदांना असते : एखादा भाग निकामी झाला, तरी वेग कमी करून कडेला जाऊन थांबण्याइतके बळ उरलेल्या भागांत असले पाहिजे.

यासाठी ब्रेक, स्टिअरिंग, वीजपुरवठा आणि संगणक दुहेरी बसवतात. दोन संगणकांची उत्तरे जुळली नाहीत, तर काहीतरी चुकले एवढे कळते, पण कोण चुकले ते कळत नाही; त्यासाठी तिसरा संगणक लागतो, किंवा स्वतःची चूक ओळखून आपणहून बाजूला होणारी रचना लागते.

नुसत्या जोडीने मात्र भागत नाही. ४ जून १९९६ रोजी ‘अरियान ५’ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याची दिशा आणि गती मोजणारी दोन्ही उपकरणे एकच सॉफ्टवेअर वापरत होती. त्यामुळे १६ बिटांच्या जागेत न मावणारी एक संख्या येताच दोन्ही एकापाठोपाठ बंद पडली. म्हणून गाडीत कॅमेरा, रडार आणि लायडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारे साधन) ही वेगवेगळ्या भौतिक तत्त्वांवरची साधने एकत्र वापरण्याकडे कल असतो. समोरच्या उन्हाने कॅमेरा दिपला, तरी रडारला फरक पडत नाही. (तिन्हींना वीज एकाच तारेतून येत असेल, तर हा सगळा खटाटोप वाया गेला.)

याहून अवघड प्रकार म्हणजे काहीही न बिघडता होणारी चूक. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेम्पी शहरात चाचणीवरच्या एका गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला ती दिसली होती. पण हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याचा निर्णय बदलत राहिला आणि प्रत्येक बदलाबरोबर आधीच्या हालचालीची नोंद पुसली जाऊन तिचा पुढचा मार्ग वर्तवताच आला नाही. वास्तविक, ती वस्तू कोणती हे ठरत नसणे हेच वेग कमी करण्याचे पुरेसे कारण होते. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक बिघाडांसाठीचे आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) २६२६२ हे मानक २०११ मध्ये आले. सर्व भाग धड असताना घडणाऱ्या अशा चुकांसाठी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ २१४४८ हे वेगळे मानक आहे.